पोच, परत आणि मौन

'साभार परत' या दोन शब्दांनी मराठीतल्या किती लेखकांच्या आयुष्याला वळण दिले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही. कवितांसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, पुरेसे पोस्टेज लावलेले पाकीट जोडायचे आणि काही आठवड्यांनी आपल्याच हस्ताक्षरातला पत्ता दारात आलेला पाहून काय ते समजून घ्यायचे, ही रीत नियतकालिकांत लिहिणाऱ्या पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. त्या पाकिटाने मन खट्टू होई, यात शंका नाही. तरीही लेखन संपादकाच्या टेबलापर्यंत पोहोचले, ते कोणीतरी हाताळले आणि ते नाकारले, या तिन्ही गोष्टी त्या दोन शब्दांतून कळत. लेखन दुसरीकडे धाडण्याची मोकळीक लेखकाला मिळे. नकार हासुद्धा संवादाचाच एक भाग होता.

आता हा बहुतेक व्यवहार ई-मेलवर चालतो. दिवाळी अंकासाठीची कथा, परिसंवादाचे निमंत्रण, प्रबंधाचे प्रकरण, परीक्षकांचा अभिप्राय हे सारे मेलने जाते-येते. आणि काही वर्षांनी कुठल्यातरी महाविद्यालयाची, प्रकाशनसंस्थेची वा नियतकालिकाची मेल-व्यवस्था बदलली जाते. जुना सर्व्हर काढून नवा बसवतात, किंवा त्याच सर्व्हरची कार्यप्रणाली अद्ययावत करतात. पुढचे काही दिवस 'मेल पोहोचत नाहीत' अशी कुरकुर ऐकू येते, ती हळूहळू थांबते, आणि सर्व काही सुरळीत झाले असे सगळे धरून चालतात. कुरकुर थांबण्याची कारणे दोन असू शकतात. एक म्हणजे मेल पोहोचू लागल्या. दुसरे म्हणजे ज्यांच्या पोहोचत नाहीत, ते विचारायचे थांबले.

हा विषय तंत्रज्ञांचा आहे असे म्हणून साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक त्यापासून दूर राहतात. आम्हांला ते योग्य वाटत नाही. बिघडलेल्या मेल-व्यवस्थेचे निदान हे मुळात वाचनाचे काम आहे, आणि तेही पाठचिकित्सेच्या जातीचे. त्याहून महत्त्वाचे असे की, मेल न पोहोचणे हा एक दोष आहे आणि न पोहोचल्याचे कोणालाच न कळणे हा निराळा दोष आहे. साहित्यव्यवहाराची अधिक हानी या दुसऱ्या दोषाने होते, असे आमचे मत आहे. ते मांडण्यासाठी आधी मेलच्या मूळ कराराकडे वळावे लागेल.

एका सर्व्हरने दुसऱ्याकडे मेल कशी सोपवावी, याचा 'एसएमटीपी' या नावाने ओळखला जाणारा नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिला. मजकूर रुक्ष आहे, पण त्याची रचना संवादाची आहे. येणारा सर्व्हर आधी आपले नाव सांगतो, मग पत्र कोणाकडून आले ते सांगतो, मग कोणासाठी आहे ते सांगतो आणि शेवटी पत्र हाती देतो. समोरचा सर्व्हर प्रत्येक वाक्याला तीन आकडी उत्तर देतो. उत्तराचा पहिला आकडा २ असेल तर स्वीकार; ४ असेल तर 'आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या'; ५ असेल तर 'जमणार नाही, पुन्हा येऊ नका'. लिफाफ्यावरचा पत्ता आणि आतल्या पत्राचा मायना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही या नियमाने टपालाकडूनच उचलले.

या संवादातला निर्णायक क्षण म्हणजे पत्र हाती घेतल्यानंतर दिलेला होकार. तो एकदा दिला की पत्राची जबाबदारी घेणाऱ्याची होते. त्याने ते पुढे पोहोचवायचे, नाहीतर पाठवणाऱ्याला न पोहोचल्याचे कळवायचे. या नियमाच्या २००१ आणि २००८ मधल्या सुधारित आवृत्त्यांत तर असेही बजावले आहे की, क्षुल्लक कारणाने पत्र गहाळ होता कामा नये आणि यंत्र मध्येच बंद पडणे हे क्षुल्लक कारणच समजावे. पलीकडचा सर्व्हर तात्पुरता अडला असेल, तर चार-पाच दिवस तरी प्रयत्न चालू ठेवावेत आणि मगच हार मानावी, अशी अपेक्षा आहे. हार मानल्यावर 'मेलर-डीमन' अशा विचित्र नावाने जे पत्र आपल्याकडे येते, ते आजचे 'साभार परत'. पुष्कळ लोक ते न वाचताच पुसून टाकतात. वास्तविक कोणत्या सर्व्हरने, कोणता आकडा देऊन, कोणत्या शब्दांत नकार दिला हे त्यात बहुधा लिहिलेले असते. मेल-व्यवस्था बदलल्यानंतरच्या आठवड्यात संस्थेच्या हाती येणारा सर्वांत मोलाचा मजकूर तोच.

२००८ च्या आवृत्तीतले एक स्थळ आम्हांला विशेष लक्षणीय वाटते. पाठवणाऱ्याला न कळवता मेल टाकून देणे व्यवहारात चालवून घेतले जाते, हे ती मान्य करते. पण तसे करणे धोक्याचे आहे आणि पत्र एकतर पोहोचेल किंवा परत येईल या दीर्घ परंपरेला ते सोडून आहे, असेही सांगते. तांत्रिक नियमाने परंपरेची साक्ष काढावी, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगी आहे. आपल्या टपालखात्यातही ही परंपरा होतीच. पत्ता न लागलेली पत्रे जिथे जमा होत, त्या कार्यालयाला पूर्वी 'डेड लेटर ऑफिस' म्हणत. पुढे त्याचे नाव 'रिटर्न्ड लेटर ऑफिस' झाले. मृत पत्राचे परतणारे पत्र झाले, आणि कार्यालयाचे कर्तव्य नावातच आले. अमेरिकन कथाकार हर्मन मेलव्हिल यांच्या १८५३ मधील 'बार्टलबी' या कथेच्या अखेरीस, तो अबोल कारकून पूर्वी वॉशिंग्टनच्या अशाच मृतपत्र-कार्यालयात कामाला होता, अशी एक वदंता निवेदक सांगतो. न पोहोचलेल्या पत्रांच्या सहवासात माणसाचे काय होते, याचे इतके सूचक चित्रण आमच्या वाचनात दुसरे नाही.

आता एक प्रत्यक्ष प्रकरण. प्रणाली बदलल्यानंतर मेल अडण्याचे याहून बोलके उदाहरण सांगणे कठीण आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठाची मेल-व्यवस्था ट्रे हॅरिस हे सांभाळत असत. त्यांनी २००२ मध्ये हा अनुभव लिहून प्रसिद्ध केला. मजकूर रंजक व्हावा आणि कंटाळवाणे तपशील गळावेत म्हणून आपण थोडा फेरफार केला आहे, असे त्यांनी आरंभीच सांगितले आहे. म्हणजे आपण जे वाचतो ते एका अनुभवाचे सजग निवेदन आहे, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी त्यांना दूरध्वनी केला आणि तक्रार सांगितली: विभागातून पाचशे मैलांहून लांब मेल जात नाही. मेल जाण्याचा आणि अंतराचा संबंध नसतो, हे हॅरिस यांना ठाऊक होते आणि त्यांनी तसे समजावून पाहिले. पण तक्रारदार संख्याशास्त्रज्ञ होते. तक्रार करण्याआधी काही दिवस थांबून त्यांनी पुरेसा विदा गोळा केला होता. विभागातल्या एका भू-संख्याशास्त्रज्ञ बाईंनी तर मेल पोहोचण्याच्या क्षेत्राचा नकाशाच काढला होता. पाचशे मैलांहून थोडी जास्त त्रिज्या असलेल्या वर्तुळाबाहेर एकही मेल जात नव्हती. वर्तुळाच्या आतही काही ठिकाणी जात नसे किंवा कधी जाई, कधी नाही. बाहेर मात्र कधीच नाही.

हॅरिस यांनी स्वतः चाचणी घेतली. अटलांटा, वॉशिंग्टन, प्रिन्स्टन येथे मेल पोहोचली. मेम्फिस, बॉस्टन, डेट्रॉइट येथे गेली नाही. ४२० मैलांवरच्या न्यूयॉर्कला गेली, ५८० मैलांवरच्या प्रॉव्हिडन्सला नाही. मग त्यांनी अशा एका मित्राला मेल धाडली की जो राहायला नॉर्थ कॅरोलायनातच होता, पण ज्याचा मेल सर्व्हर दूर सिअ‍ॅटलला होता. तीही गेली नाही. म्हणजे अंतर माणसाचे नव्हते, यंत्राचे होते. या एका चाचणीने प्रश्नाचे स्वरूप निश्चित झाले.

प्रमुखांनी एक गोष्ट जाता जाता सांगितली होती. काही दिवसांपूर्वी एका सल्लागाराने सर्व्हरची प्रणाली सुधारून यंत्र पुन्हा सुरू केले होते. मात्र मेलला आपण हात लावला नाही, असे त्याचे म्हणणे होते. हॅरिस यांनी मेल पाठवणाऱ्या 'सेंडमेल' या प्रोग्रॅमची मांडणी-फाईल उघडून पाहिली. ती स्वतः त्यांनीच लिहिलेली होती आणि तिच्यात एका अक्षराचाही फरक नव्हता. मग त्यांनी सर्व्हरशी थेट संपर्क साधून त्याचे पहिले स्वागतवाक्य वाचले, आणि तिथे उलगडा झाला. प्रणाली सुधारताना सेंडमेलची नवी, आठव्या पिढीची आवृत्ती जाऊन तिच्या जागी सन कंपनीच्या प्रणालीबरोबर येणारी जुनी, पाचव्या पिढीची आवृत्ती बसली होती. फाईल मात्र आठव्या आवृत्तीसाठी लिहिलेलीच राहिली.

फाईलमध्ये पर्यायांची लांब, वाचनीय नावे होती. जुन्या आवृत्तीला ती कळत नव्हती. तिने तक्रार केली नाही, ती थांबली नाही. न कळलेल्या ओळी गाळून ती पुढे वाचत गेली. ज्या किमती सापडल्या नाहीत त्या तिने शून्य धरल्या. त्यांतली एक किंमत होती पलीकडच्या सर्व्हरच्या उत्तरासाठी किती वेळ थांबायचे ही. शून्य वेळ थांबायचे म्हटले तरी यंत्राला थांबेपर्यंत थोडा अवधी लागतोच. त्या यंत्रावर तो सुमारे तीन सहस्रांश सेकंद निघाला. विद्यापीठाच्या जाळ्याची रचना अशी होती की वाटेतला विलंब फारच कमी, आणि जवळच्या सर्व्हरपर्यंत लागणारा काळ मुख्यतः प्रकाशाच्या वेगावर ठरे. तीन सहस्रांश सेकंदांत प्रकाश सुमारे ५५८ मैल जातो. संकेत जाऊन परत यायला हवा, मग अंतर निम्मे का नाही, असा आक्षेप घेता येतो, आणि तो रास्त आहे. निवेदकाने फेरफाराची कबुली आधीच दिलेली असल्यामुळे गणिताच्या काटेकोरपणाचा आग्रह इथे धरू नये. निदानाचा गाभा त्याने बाधित होत नाही.

साहित्याच्या वाचकाला या प्रकरणातून तीन गोष्टी घेता येतील असे आम्हांला वाटते. पहिली म्हणजे वेडगळ वाटणाऱ्या तक्रारीचा मान. संख्याशास्त्रज्ञांचे स्पष्टीकरण चुकीचे होते, पण त्यांचे निरीक्षण अचूक होते. पाठचिकित्सेत दोन पाठांपैकी अवघड पाठ बहुधा मूळचा असतो, असे एक तत्त्व मानतात. कारण नकलकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करत नाही. तक्रारीलाही हे लागू पडते. 'मेल चालत नाही' हा सोपा पाठ आहे. 'पाचशे मैलांपलीकडे चालत नाही' हा अवघड पाठ आहे, आणि निदान त्यातूनच झाले. एखादा विद्यार्थी 'फक्त दुपारनंतर पाठवलेल्या मेल पोहोचत नाहीत' किंवा 'मराठीत विषय लिहिला की पोहोचत नाही' असे सांगतो, तेव्हा हसण्यावारी नेण्याआधी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत.

दुसरी गोष्ट: संहिता तीच होती, वाचणारा बदलला होता. आणि बदललेल्या वाचणाऱ्याने आपल्याला काय कळले नाही हे सांगितले नाही. अशी वाचने आपल्या क्षेत्रात नित्य घडतात. न कळलेला शब्द गाळून पुढे जाणारा अनुवादक किंवा जुन्या ग्रंथातला अनोळखी प्रयोग बिनदिक्कत 'सुधारणारा' मुद्रितशोधक काही खोडसाळ नसतो. त्याच्या हातून गेलेला मजकूर सुरळीत वाचता येतो, आणि म्हणूनच कुठे काय गळले ते कळत नाही.

तिसरी गोष्ट बदलाच्या नोंदीची. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरांमुळे तो अशुद्ध झाला, अशी त्यांची भूमिका होती. मेल-व्यवस्थेतल्या बिघाडाचेही वर्णन नेमके असेच करता येईल: लिहिणाऱ्याचे पत्र ठीक असते, दोष वाटेत शिरतो. पण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, एकनाथांनी काम केल्याचा काळ, स्वतःचे नाव आणि कामाचे स्वरूप ग्रंथाच्या अखेरीस नोंदवले आणि पुढे कोणी आपल्या ओव्या घालू नयेत असे बजावले. चारशेहून अधिक वर्षांनंतरही अभ्यासक त्या बदलाचा विचार करू शकतात, तो या नोंदीच्या आधाराने. विद्यापीठातल्या सल्लागाराने मेलला हात लावला नाही असे सांगितले, तेव्हा तो खोटे बोलत नव्हता. आपण काय काय बदलले हे त्यालाच ठाऊक नव्हते. मेल-व्यवस्था बदलणाऱ्या प्रत्येक संस्थेने कोणत्या दिवशी, कोणी, काय बदलले याची एकपानी नोंद ठेवली, तर निदानाचे बरेचसे श्रम वाचतील.

हॅरिस यांच्या काळी बिघाड विचित्र असला तरी तो दिसत होता. न गेलेली मेल परत येत होती, म्हणून तर नकाशा काढता आला. आजची अडचण निराळी आहे आणि तिचे कारण समजून घेतले पाहिजे. मूळ नियमात पाठवणाऱ्याने सांगितलेले नाव खरे मानले जाई. ते पडताळण्याची सोय नव्हती. लिफाफ्यावर दुसऱ्याचे नाव घालून कोट्यवधी जाहिराती धाडणारे निपजले, तेव्हा न पोहोचलेल्या मेल परत पाठवण्याची जुनी सभ्यताच उपद्रवाची झाली. परतीचे पत्र जाई ते ज्याचे नाव चोरले त्या निरपराध माणसाकडे. सर्व्हर चालवणाऱ्यांनी परत पाठवणे कमी केले. संशयित मेल काही ठिकाणी स्पॅमच्या कप्प्यात पडू लागल्या, काही ठिकाणी होकार देऊन नंतर गुपचूप टाकून दिल्या जाऊ लागल्या. मौन असे आले. त्यामागे निष्काळजीपणा होताच असे नाही. गैरवापराने सभ्यता महाग करून ठेवली.

नाव पडताळण्याच्या युक्त्या मागाहून आल्या. कोणत्या यंत्रांना आमच्या नावाने मेल धाडण्याचा अधिकार आहे, याची यादी संस्थेने आपल्या पत्त्याच्या जाहीर नोंदीत ठेवायची, ही 'एसपीएफ'. पत्रावर संस्थेच्या गुप्त किल्लीने अशी मोहोर उठवायची की वाटेत मजकूर बदलल्यास ती जुळू नये, ही 'डीकिम'. एकनाथांचा इशारा यंत्राने पाळायचा ठरवला तर तो साधारण असा दिसेल: ओवी घातली गेल्याचे कळेल, पण कोणी व का घातली ते नाही. आणि ही दोन्ही प्रमाणे जुळली नाहीत तर मेलचे काय करावे, हे सांगणारी तिसरी नोंद 'डीमार्क'. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू या दोन मोठ्या सेवांनी या नोंदींचा आग्रह धरला आहे. व्यक्तिगत जीमेल खात्यांना मेल धाडणाऱ्या प्रत्येकाकडे पहिल्या दोहोंपैकी एक तरी हवी, आणि दिवसाला ५,००० हून अधिक मेल धाडणाऱ्याकडे तिन्ही हव्यात.

या नोंदी असणे चांगलेच. पण संस्थेचा सर्व्हर बदलतो तेव्हा नेमके काय घडते ते पाहावे. मेल नव्या यंत्रावरून निघू लागते आणि अधिकृत यादीत नाव जुन्याच यंत्राचे असते. मोहोर उठवण्याची किल्ली जुन्या यंत्रावर राहते. नव्या यंत्राच्या आकडी पत्त्याला उलट दिशेने विचारले तर संस्थेचे नाव येत नाही. आतल्या कोणालाच काही बिघडल्याचे दिसत नाही, कारण संस्थेतल्या संस्थेत मेल उत्तम जाते. बाहेर मात्र ती परक्या हस्ताक्षरातल्या पत्रासारखी संशयास्पद ठरते. येणाऱ्या मेलचे दुखणे वेगळे. संस्थेची टपालपेटी कुठे आहे हे सांगणारी 'एमएक्स' नोंद बदलली, तरी जगभरचे सर्व्हर आधी विचारून ठेवलेले उत्तर ठरावीक मुदतीपर्यंत वापरत राहतात. या मुदतीत जुना सर्व्हर बंद केला तर काही मेल अडतील. तो चालू ठेवून कोणी उघडलाच नाही तर त्या जुन्या पेटीत पडून राहतील आणि पाठवणाऱ्याला होकार मिळालेला असेल. म्हणून बदलाआधी ती मुदत कमी करून घ्यावी आणि बदलानंतर काही दिवस दोन्ही पेट्या पाहाव्यात.

एका सेवेने केलेल्या बदलाची झळ तिसऱ्यालाच कशी लागते, याचे उदाहरण एप्रिल २०१४ मध्ये दिसले. आपल्या नावाची जी मेल प्रमाणाशी जुळणार नाही ती सरळ नाकारा, असे याहूने आपल्या डीमार्क नोंदीत जाहीर केले. मेल-गटांचे काम असे चाले की सदस्याचे पत्र गटाचा सर्व्हर घेई, विषयात गटाचे नाव व तळाशी एखादी ओळ जोडी आणि सर्वांना धाडी. त्या जोडणीने मोहोर मोडे आणि धाडणारे यंत्रही याहूचे नसे. याहूवरील सदस्याने पत्र लिहिले की इतर सेवांवरचे सर्व्हर ते नाकारत, आणि इतके नकार आल्यामुळे गटाचा प्रोग्रॅम त्या इतर सदस्यांनाच निष्क्रिय ठरवून यादीतून काढी. लिहिणारा एक, नियम बदलणारा दुसरा आणि चर्चेबाहेर गेला तो काही न केलेला तिसरा. मेलवर चालणाऱ्या अभ्यासमंडळातून एखादा सदस्य असा नाहीसा झाला, तर उरलेल्यांनी त्याला रस राहिला नाही असेच समजायचे.

मराठीत लिहिणाऱ्यांची यात एक जास्तीची अडचण आहे. १९८२ चा नियम इंग्रजी वर्णमालेपुरत्या सात बिटांच्या अक्षरांसाठी लिहिलेला होता. देवनागरी मजकूर त्यातून नेण्यासाठी त्याला इंग्रजी अक्षरांचा वेश चढवावा लागतो. 'साहित्य' हा शब्द मेलच्या विषयात लिहिला तर प्रचलित 'बेस-६४' पद्धतीने त्याची २८ इंग्रजी चिन्हे होतात, आणि पलीकडच्या प्रोग्रॅमने तो वेश उतरवला तरच शब्द दिसतो. व्यवस्था बदलताना ही साखळी कुठे तुटली, तर संपादकाच्या पुढ्यात कवितेऐवजी निरर्थक चिन्हांची रांग येते आणि ती स्पॅम समजून पुसली जाते. देवनागरीतील मेल-पत्त्यांना नियमाने वाट करून दिली ती २०१२ मध्ये, '.भारत' हे क्षेत्रनाम आले २०१४ मध्ये. तरी वाटेतला सर्व्हर ही सोय जाणत नसेल तर अशी मेल पुढे जात नाही. ती परत तरी आली पाहिजे.

यावर दोन प्रकारचे म्हणणे ऐकू येते. एक असे की, छोट्या संस्थांनी स्वतःचा सर्व्हर ठेवण्याचा हट्ट सोडून सारे मोठ्या सेवेकडे सोपवावे. व्यवहार म्हणून यात तथ्य आहे आणि अनेक डोकेदुख्या त्याने टळतात. पण संस्थेच्या नावाच्या नोंदी तरीही संस्थेनेच सांभाळायच्या असतात, आणि मोठ्या सेवेने तुमची मेल अडवली तर का अडवली हे विचारायला दार सापडत नाही. दुसरे म्हणणे असे की, मेलचे दिवस संपले. निरोप आता भ्रमणध्वनीवरच्या गटांतून जातात. हे म्हणणारे संपादक कथा मात्र मेलनेच मागवतात. कोणत्याही एका कंपनीच्या मालकीची नसलेली, कोणालाही कोणालाही लिहिता येईल अशी पत्रव्यवस्था म्हणून मेलचे मोल आम्हांला आजही मोठे वाटते. ती टिकायची तर तिच्यातली परतीची परंपराही टिकली पाहिजे.

म्हणून आमच्या अपेक्षा साध्या आहेत. व्यवस्था बदलणार असल्यास संस्थेने ते आधी जाहीर करावे आणि बदलानंतर वेगवेगळ्या सेवांवरच्या, शक्यतो वेगवेगळ्या गावच्या चार-सहा परिचितांना मराठी विषय लिहून मेल धाडून पाहाव्यात. आलेल्या मेलच्या माथ्यावर दडवलेल्या प्रवासनोंदी उघडून वाचायला साहित्याच्या अध्यापकांनीही शिकावे. प्रत्येक सर्व्हर आपली नोंद वरच्या बाजूला जोडतो, म्हणून त्या खालून वर वाचायच्या असतात. हस्तलिखिताची वंशावळ लावणाऱ्याला ते अवघड जाऊ नये. प्रत्येक संस्थेच्या नावाने 'पोस्टमास्टर' या पत्त्याची पेटी असलीच पाहिजे, असे मेलचा नियम सांगतो. ती पेटी कोणातरी माणसाने आठवड्यातून एकदा उघडावी.

आणि संपादकांनी पोच द्यावी. यंत्राने आपोआप दिलेलीही चालेल, माणसाने दिलेली अधिक बरी. लेखन मागवणाऱ्या निवेदनाच्या तळाशी 'पंधरा दिवसांत पोच न मिळाल्यास कृपया दूरध्वनीने विचारावे' ही एक ओळ छापायला खर्च येत नाही. ती छापलेली नसेल, तर नवा लेखक विचारायला धजत नाही. नांदेडच्या वा सावंतवाडीच्या एखाद्या मुलीने पहिली कथा पाठवलेली असते, महिनोन्महिने काही येत नाही, आणि त्या शांततेला ती आपल्या कथेवरचा अभिप्राय समजते. तिची कथा कोणी वाचलेलीच नसते. दुसऱ्या कोण्या अंकाकडे ती पाठवावी, तर पहिल्याने नाकारल्याचे कळलेले नसते. 'साभार परत'ने तिला निदान तेवढे सांगितले असते.